पाटे ताठ का? चोवीसपट लहान ट्रक बांधताना

गेल्या हंगामात मी माझा पहिला ट्रक बांधला. सनबोर्ड, फेविक्विक, ॲक्रिलिक रंग आणि सेकंड सेमची पीएल, एवढं भांडवल. एक पास चोवीस स्केल. हौद्यात खराट्याच्या काड्या रचून ऊस भरला, मागच्या फाळक्यावर नक्षी काढली, एमएच २० ची पिवळी नंबरप्लेट लावली. होस्टेलवर कौतुक झालं. रेक्टर सरांनीसुद्धा हातात घेऊन पाहिला. मग मी जरा हवेत गेलो आणि तो घेऊन वैजापूर रोडच्या ढाब्यावर गेलो. तिथे उसाच्या गाड्या उभ्या असतात. एका ड्रायव्हर मामांना दाखवला. त्यांनी नक्षीकडे बघितलंच नाही. वाकून चाकांच्या मधून खालून बघितलं आणि विचारलं, "पोरा, गाडी भरलेली हाय का रिकामी?"

म्हटलं, "भरलेली, मामा. दिसतोय ना ऊस."

"मग एवढा माल असून पाटे ताठ कसे?"

मेकॅनिकलच्या पोराला यापेक्षा चांगला ओरल कोणी घेतला नसेल. उत्तर शोधायला दोन महिने आणि तीन मॉडेलं गेली. तेच इथे लिहितो, म्हणजे पुढच्या माणसाचा वेळ वाचेल.

आधी एक शंका सगळेच विचारतात: विकत का नाही घेत? मित्रांनो, परदेशात या छंदाचं मोठं दुकान आहे. जपानची तामिया कंपनी १:१४ मध्ये रिमोटवर चालणारे ट्रक काढते, इटलीची इटालेरी १:२४ मध्ये प्लास्टिकचे सुटे भाग देते, अमेरिकेत १:२५ चालतं. पण ते सगळे त्यांच्या रस्त्यावरचे ट्रक. आपल्याकडच्या 'सोळा-तेरा'चं, म्हणजे टाटा १६१३ चं किट कुठे मिळणार? (या आकड्यातला सोळा म्हणजे भरलेल्या गाडीचं टनांतलं वजन आणि तेरा म्हणजे साधारण १३० अश्वशक्ती. हे रस्त्यावर सगळ्यांना पाठ असतं, व्हायव्हात विचारलं की आपण गप्प.) याला एक कारणही आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं कारखान्यातून चेसिस आणि पुढचा काउल एवढंच बाहेर पडायचं. केबिन आणि हौदा बांधायचा सुतार, वेल्डर आणि पेंटर यांनी. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या सारख्या नसतात, मग साचा करणार कोणाचा? आता हे बदलतंय. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, त्यामुळे कारखान्यातून तयार केबिन येण्याकडेच कल राहणार. लाकडी केबिनची जुनी गाडी मोजून ठेवायची असेल तर लवकर मोजा, एवढं सांगतो.

खेळण्यातला ट्रक घेऊन त्यात बदल करणं हा दुसरा मार्ग. सेंटी टॉईजचे वगैरे भारतीय धाटणीचे प्लास्टिकचे ट्रक मिळतात, त्याची केबिन कापून, चाकं बदलून चांगलं काम करणारे लोक आहेत. पण आधी एक परीक्षा घ्या. खेळण्याचा व्हीलबेस, टायरचा व्यास आणि रुंदी मोजा, आणि खऱ्या गाडीच्या मापांना त्याने भागा. मी एका खेळण्याचं केलं तर व्हीलबेसवरून स्केल १:४३ आलं, टायरवरून १:४८ आणि रुंदीवरून १:३८. म्हणजे एका गाडीत तीन गाड्या. खेळणं म्हणून त्यात काही चूक नाही, खोक्यात बसवायचं असतं. पण अशा गाडीवर कितीही बारीक काम केलं तरी ती खेळणंच दिसते, आणि का दिसते ते बघणाऱ्याला सांगता येत नाही.

म्हणून मोजणं. माझी पहिली चूक हीच की मी फोटोवरून सुरुवात केली आणि तीही केबिनपासून. फोटोत केबिन मोठी दिसते, चेसिस दिसतच नाही. खरा बॉडीवाला उलटा जातो. चिकलठाण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, तिथे बसच्या बॉड्या बांधल्या जातात. काम असंच चढत जातं: आधी चेसिस, त्यावर आडवे, त्यावर तळ, मग उभे खांब, मग पत्रा. रंग सगळ्यात शेवटी. मॉडेलही याच क्रमाने बांधावं. क्रम चुकला तर चाकं हौद्याला घासतात आणि मग चाकं लहान करावीशी वाटतात. मी केली होती.

गंगापूर तालुक्यात मोजायला गाड्यांची कमी नाही. वाळूज एमआयडीसी आपल्याच तालुक्यात. हंगामात ऊस, एरवी कांदा, कापूस, लोखंड. ड्रायव्हरला विचारून, चहा पाजून, हँडब्रेक लावलेला बघून मगच टेप लावा. चाकाखाली उटी असल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका. आणि एवढी मापं घ्याच: व्हीलबेस, पुढच्या चाकापासून बंपरपर्यंत, मागच्या चाकापासून शेपटापर्यंत, चेसिसची रुंदी आणि उंची, तळाची जमिनीपासून उंची, टायरचा व्यास. बाकीचं फोटोवरून चालतं.

१६१३ चा ४२२५ मिमीचा व्हीलबेस चोवीसने भागला की १७६ मिमी. टायरच्या कडेवर १०.००-२० असं लिहिलेलं असतं, त्याचा बाहेरचा व्यास साधारण १०५५ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये ४४. रुंदी सुमारे २८० मिमी, म्हणजे साडेअकरा ते बारा. मागच्या जोडचाकांच्या मध्यांतलं अंतर सुमारे ३२० मिमी, म्हणजे १३ च्या वर थोडं. यातून दोन टायरांच्या मधे दीड-दोन मिमीची फट उरते. बहुतेक मॉडेलांत ही फट नसते, दोन चाकं फेविक्विकने चिकटवून टाकलेली असतात. फट ठेवा. त्या फटीत अडकलेला एखादा खडासुद्धा लावता येतो, ड्रायव्हर लोक तो बरोबर ओळखतात.

टायरसाठी भरपूर शोध घेऊन शेवटी आपल्या लहानपणच्या गाडीवर आलो: हवाई चपलेचं रबर. जुनी चप्पल, त्यातून ४६ मिमीची चकती कापायची, मधून बोल्ट घालून वर्कशॉपमधल्या ड्रिल मशीनला लावायची आणि फिरत असताना पॉलिश पेपरने ४४ वर आणायची. जाडी जास्त असते, तीही तशीच घासून उतरवा. गॉगल घाला, रबराचा चुरा डोळ्यांत जातो. रिम बाटलीच्या झाकणाची. यापेक्षा चांगला टायर मला अजून मिळालेला नाही.

जाडीचा प्रश्न मात्र डोकं खातो. चोवीसपट हा हिशोब सगळ्यांना लांबीत कळतो, जाडीत कळत नाही. आपलं एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाड असतं. त्याची चेसिस केली तर खऱ्या गाडीत १८ मिमीचा पत्रा झाला! खरी चेसिस ६-७ मिमीची असते, म्हणजे मॉडेलमध्ये ०.३ च्याही आत. जाड व्हिजिटिंग कार्ड त्याच्या जवळपास बसतं. ते दुमडून चॅनेल करायचं, आतून फेविक्विक पाजायचं, की टणक होतं. केबिनचा पत्रा तर एक मिमीही नसतो, त्याची जाडी आपल्याला जमणारच नाही. तिथे युक्ती एकच: दाराची, खिडकीची कड आतल्या बाजूने तिरकी तासायची. डोळा फक्त कड बघतो. रंगाचंही तेच. ब्रशने दिलेला ०.१ मिमीचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर जवळपास अडीच मिमी डांबर थापल्यासारखं. स्प्रे पातळ करून तीन हात मारा. घाई केली की बोल्टची डोकी गिळली जातात.

आता मामांचा प्रश्न.

मी दुसऱ्या मॉडेलला खरे पाटे लावले. दुकानातून पातळ स्टीलची पट्टी आणली, खऱ्या गाडीची जाडी, रुंदी, लांबी सगळं चोवीसने भागून पाटे कापले, हौद्यात वजन टाकलं. पाटे हलले नाहीत. आणखी टाकलं. तरी नाहीत. वाटलं, कुठेतरी चिकटलंय. चिकटलेलं काहीच नव्हतं, एसओएमचं गणित मी वहीत सोडवलं होतं पण कधी वापरलं नव्हतं.

पाट्याचा ताठपणा कशावर अवलंबून? मटेरियलचा ई, रुंदी, जाडीचा घन, आणि भागिले लांबीचा घन. सगळी मापं चोवीसपट लहान केली की जाडीचा घन आणि लांबीचा घन एकमेकांना खाऊन टाकतात, उरते फक्त रुंदी. म्हणजे ताठपणा चोवीसपट कमी झाला. आणि वजन? ते आकारमानाबरोबर जातं, २४ × २४ × २४ = १३,८२४ पट कमी. वजन इतकं पडलं आणि स्प्रिंग फक्त चोवीसपट नरम झाली, मग ती दबणार कशी? समजा खऱ्या गाडीचे पाटे माल भरल्यावर ९६ मिमी बसतात. मॉडेलमध्ये ते ४ मिमी बसलेले दिसायला हवेत. प्रत्यक्षात बसतात ९६ भागिले ५७६, म्हणजे ०.१७ मिमी. दोन कागदांएवढं. मामांना ताठ दिसले यात नवल नाही.

म्हणजे पाटे आणखी चोवीसपट नरम हवेत. स्टीलच ठेवायचं तर जाडी २४ च्या घनमुळाने, म्हणजे २.८८ ने कमी करायची. खरा पाटा १२ मिमीचा धरला तर स्केलने ०.५ आणि या दुरुस्तीनंतर ०.१७ मिमी. दाढीचं ब्लेड ०.१ मिमीचं असतं, ते मी वापरून पाहिलं. लांबीला तोकडं पडतं, आणि वाकवताना तुटून उडतं. रूममेटने त्या दिवसापासून माझ्या टेबलाजवळ बसायचं सोडलं. प्लास्टिकची पट्टी घेतली तर ती उलट फार नरम, आणि आठवडाभर वजनाखाली ठेवली की तशीच वाकून राहते. शेवटी उत्तर मिळालं बुरुडाकडे. बांबूचा ई स्टीलच्या ढोबळ मानाने दहा-बारावा हिस्सा. म्हणजे चोवीसपैकी निम्मं काम मटेरियलनेच केलं, उरलेल्या दुपटीसाठी जाडी सव्वापट कमी: ०.५ ऐवजी ०.४ मिमी. सुपासाठी बुरूड जी पातळ बेळं काढतात ती जवळपास याच जाडीची निघतात. त्यांच्याकडून मूठभर बेळं आणली, ३ मिमी रुंद कापली, लांबीने उतरती अशी एकावर एक रचली, मधे तांब्याच्या तारेचा यू-बोल्ट. वजन टाकलं आणि गाडी मागून खाली बसली. सांगतो, इतका आनंद मला एम-थ्री सुटल्यावरही झाला नव्हता.

जाता जाता: रिमोटवर चालणाऱ्या छोट्या ट्रकचे व्हिडिओ बघितले तर ते खड्ड्यात उड्या मारल्यासारखे दिसतात. तेही याच कुळातलं. दबण्याचं प्रमाण दुरुस्त केलं तरी गाडीची वरखाली होण्याची गती २४ च्या वर्गमुळाने, म्हणजे जवळपास पाचपट जलद राहते. व्हिडिओ पाचपट हळू करून बघा, एकदम भारदस्त ट्रक दिसतो.

पाटे बसल्यावर डोक्यात आलं की आता मॉडेलला काहीतरी विचारूनही बघता येईल. दर हंगामात आपल्या रस्त्यावर उसाची एखादी गाडी कलंडलेली दिसतेच. साइडपट्टी खचली, वळण चुकलं, कारणं ऐकू येतात. माझा प्रश्न साधा होता: ही गाडी किती अंशाला कलंडते?

इथे गंमत बघा. कलंडण्याच्या गणितात ना ई आहे, ना वजनाचा आकडा. बाहेरच्या चाकापासून गाडीच्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची, एवढाच टॅन. दोन्ही लांब्याच, म्हणून चोवीसपट लहान गाडी त्याच अंशाला कलंडते ज्याला खरी कलंडते. पाट्यांच्या बाबतीत मॉडेल खोटं बोलतं, पण इथे खरं बोलतं. फक्त वजन योग्य जागी असायला हवं.

मी धरलेले आकडे असे. रिकामी गाडी ६ टन, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १ मीटरवर. तळ १.३ मीटरवर, ऊस ३.८ मीटरपर्यंत, म्हणजे मालाचा मध्य २.५५ वर. माल १० टन. दोन्ही मिळून गुरुत्वमध्य येतो १.९७ मीटरवर. चाकाचं अर्धं अंतर १.१ मीटर. टॅन ०.५६, कोन २९ अंश. आता तीच गाडी 'थोडी' जास्त भरा: माल १३ टन, उंची साडेचार मीटर. गुरुत्वमध्य २.३ मीटर, कोन साडेपंचवीस. अशी दोन धुऱ्यांची गाडी नियमाने एकूण १६.२ टनांची असायची, २०१८ मध्ये मर्यादा १८.५ टन झाली. दुसऱ्या हिशोबातली १९ टनांची गाडी त्यातही बसत नाही.

मॉडेलमध्ये ६ टन म्हणजे ४३४ ग्रॅम. सनबोर्डची गाडी २६० भरली, म्हणून उरलेल्या वजनाचे नटबोल्ट इंजिनाच्या जागी आणि धुऱ्यांवर खाली लावले. दहा टन म्हणजे ७२३ ग्रॅम: वाळूची पुरचुंडी उसाच्या ढिगात बरोबर मधल्या उंचीवर दडवली. वर खराट्याच्या काड्या. त्या मिमी-सव्वा मिमीच्या असतात, ऊस म्हणून तंतोतंत. मग फर्स्ट इयरचा ड्रॉइंग बोर्ड घेतला, खालच्या बाजूला चाकं घसरू नयेत म्हणून दोन मिमीची पट्टी चिकटवली, गाडी आडवी उभी केली आणि बोर्ड हळूहळू उचलला. कोन मोजायला मोबाईल. पाट्यांखाली काडेपेटीच्या काड्या ठोकून ते ताठ केले तेव्हा गाडी गणिताच्या आसपास, एका अंशाच्या फरकाने कलंडली. मग काड्या काढून बांबूचे पाटे मोकळे केले. आता ती तीन-चार अंश आधीच गेली.

असं का? पाटे एका बाजूला दबतात, हौदा झुकतो, आणि वरचा माल त्या बाजूला सरकतो. अर्धं अंतर १.१ राहतच नाही. म्हणजे मी पहिल्या मॉडेलवर ही चाचणी केली असती, तर ताठ पाट्यांनी मला गाडी आहे त्यापेक्षा सुरक्षित आहे असं सांगितलं असतं. मामांनी ज्याला नाव ठेवलं ती दिसण्यातली चूक नव्हती. खऱ्या गाडीत टायर दबतात, दोर सैल पडतात, मोळ्या सरकतात. त्यामुळे खरा कोन यापेक्षाही कमीच. पेट्रोल-डिझेलच्या टँकरसाठी यूएन रेग्युलेशन १११ म्हणून नियम आहे, त्यात अशाच टेबलावर टँकर २३ अंशांपर्यंत कलंडू नये अशी अट आहे. आमच्या जास्त भरलेल्या उसाच्या गाडीने मोकळ्या पाट्यांवर ती कशीबशी काठावर गाठली नाहीतर चुकवली. दर वेळी माल रचण्यावर फरक पडत होता.

कोणी म्हणेल, रस्ता पंचवीस अंश तिरका असतो कुठे? नसतो. पण डांबराची कड सुटून एक बाजू एक फूट खाली गेली तर तेवढ्यातच आठ अंश संपतात, आणि तेही उभ्या उभ्या, धक्क्याचा हिशोब न धरता. वळणावर तर रस्ता सपाट असला तरी चालतो. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर २९ अंशांची गाडी ताशी ४६ किलोमीटरला उलटायच्या बेतात येते, साडेपंचवीसची ४३ ला. पाटे, टायर आणि सरकणाऱ्या मोळ्या सगळं धरून कोन १९-२० वर आला की ३६-३७. एवढ्या वेगाने तर गाडी रेंगाळतेय असं मागच्या मोटारसायकलवाल्याला वाटतं.

तिसरं मॉडेल मी पुन्हा ढाब्यावर नेलं. पहिले मामा भेटले नाहीत, हंगाम संपून ते दुसऱ्या भाड्याला लागले असावेत. दुसऱ्या एकांनी बघितलं, पाट्यावर बोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "मागं लाल पट्टी नाय लावली का रे? रात्री आमची गाडी दिसत नाय, तुझी तरी दिसू दे." खरंच राहिली होती. ऊस फाळक्याच्या बाहेर लोंबतो आणि मागचे दिवे झाकतो, ते मी हौसेने हुबेहूब केलं होतं आणि रिफ्लेक्टर विसरलो होतो. सायकलच्या दुकानातून परावर्तक टेपचा तुकडा आणून दोन मिमीच्या पट्ट्या कापल्या, फाळक्यावर आणि लोंबणाऱ्या मोळीच्या टोकालाही लावल्या. होस्टेलच्या पॅसेजमध्ये लाईट गेले की टॉर्चमध्ये फक्त त्याच दिसतात.

गाडी सध्या माझ्या रूममध्ये कपाटावर आहे. भरलेली ठेवत नाही, बांबू दमट हवेत सैल पडतो आणि पाटे पावसाळ्यात एकदा बदलावे लागतात. ड्रॉइंग बोर्ड वर्कशॉपमध्ये ठेवलाय, पट्टी चिकटवलेलीच आहे. पुढे ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांची जोडी बांधायची आहे. तिथे मागची ट्रॉली आधी जाते का पुढची, हे मला गणिताने अजून सुटलेलं नाही. चपला मात्र लागतील, सोळा तरी. जुन्या असतील तर आणून द्या.